पट्टणकोडोलीचा भंडारा आणि डार्कटेबल

ज्याला फोटो नुसता छान दिसायला हवाय, त्याने डार्कटेबलच्या वाटेला जाऊ नये. त्याला फोनमधलं स्नॅपसीड पुरतं, आणि ते खरंच चांगलं ॲप आहे. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर नेमकं काय नोंदलं गेलं, त्यातलं काय वाचवता येतं आणि काय कायमचं गेलं, हे ज्या विद्यार्थ्याला समजून घ्यायचंय त्याने लॅपटॉपवर डार्कटेबल टाकावं. वर्गात मी हे सगळ्यांना सांगत असते, आज सविस्तर लिहिते.

डार्कटेबल म्हणजे रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवलेली फाइल, डेव्हलप करायचं सॉफ्टवेअर. योहानेस हानिका यांनी २००९ मध्ये सुरू केलं. आता जगभरचे प्रोग्रॅमर आणि फोटोग्राफर मिळून ते वाढवतात. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पूर्ण फुकट आहे: ट्रायल नाही, महिन्याचं भाडं नाही, फोटोवर शिक्का नाही, सोर्स कोडही खुला. नवीन आवृत्ती साधारण वर्षातून दोनदा येते, त्यातली एक नाताळच्या सुमारास. कॉलेजात क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरून फिरतात आणि त्यांच्याबरोबर व्हायरस फिरतात. त्या फंदात पडायची गरज उरत नाही, हेच विद्यार्थ्यासाठी केवढं तरी आहे.

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. मामाने लग्नाच्या ऑर्डरी घेणं बंद केलं तेव्हा तो मला दिला, १८-५५ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८ सोबत. मामा आयुष्यभर जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या फोटोंवर, काम केलेला माणूस. "रॉ कशाला गं पाहिजे तुला? कार्ड भरतंय नुसतं," हे त्याचं म्हणणं. लग्नात ते बरोबरच होतं. एका दिवसात हजारभर फोटो, चार दिवसांत अल्बम द्यायचा, कोण बसणार एकेक फाइल उघडून! पण शिकायचं असेल तर रॉला पर्याय नाही, आणि हे मला पट्टणकोडोलीने पटवलं.

हातकणंगले तालुक्यातल्या या गावात ऑक्टोबरच्या सुमारास विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. धनगर समाज लांबलांबून येतो. ढोल, कैताळ, मोठाल्या छत्र्या, फरांडे बाबांची भाकणूक म्हणजे भविष्यवाणी, आणि भंडारा, म्हणजे हळदीची पूड. भंडारा, खोबरं, लोकर अशी काही उधळतात की समोरचा माणूस दिसत नाही. फोटो काढणारे सगळीकडून येतात. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, लेन्स बदलायची नाही असं ठरवूनच आत शिरावं लागतं, कारण हळद सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आणि मग घरी येऊन फोटो बघावेत तर भंडारा सपाट! हवेत उडालेल्या ढगाला ना कण ना पोत, पिवळ्या रंगाचा नुसता चिकटवलेला कागद. शिवाय तो रंग आपला नव्हेच. हळदीचा पिवळा केशरीकडे झुकतो, स्क्रीनवर दिसणारा लिंबाकडे. सगळ्यांच्या जेपेगमध्ये हेच दिसतं आणि बहुतेक जण सॅच्युरेशन कमी करून मोकळे होतात.

डार्कटेबलमध्ये रॉ उघडली की कारण डोळ्यांसमोर मांडता येतं. हळद लाल आणि हिरवा प्रकाश परत फेकते, निळा जवळजवळ गिळून टाकते. त्यात दिवसाच्या उजेडात व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) लावताना लाल चॅनेलला साधारण दुपटीने गुणलं जातं. लाल कमाल पातळीला जाऊन अडकतो, हिरवा मात्र वर चढत राहतो, आणि दोघांमधलं प्रमाण बिघडलं की केशरी पिवळा लिंबाकडे सरकतो. डार्कटेबलमध्ये क्लिपिंग, म्हणजे कमाल पातळीला अडकून तपशील जाणं, दाखवणारे दोन वेगळे इशारे आहेत. एक तयार होणाऱ्या चित्रातलं क्लिपिंग दाखवतो, दुसरा मूळ रॉमधलं. पहिला चालू केला तर माझ्या फोटोतला अख्खा ढग रंगून निघाला. दुसरा चालू केला तर कोपऱ्यातल्या स्टीलच्या घागरीवरची चमक सोडून कुठेच काही नाही. म्हणजे सेन्सरने भंडाऱ्याचा कण न् कण नोंदला होता. माझा कॅमेरा १४ बिटची रॉ देतो, म्हणजे प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये त्याच्या २५६ होतात, आणि नेमका भंडारा त्या छाटणीत जात होता. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखसुद्धा जेपेगवरून काढलेला असतो, हेही मला इथेच उलगडलं.

पुढचं काम फार नव्हतं. एक्स्पोजर थोडं खाली घेतलं. डार्कटेबलमधल्या एकेका कामाच्या अवजाराला मोड्यूल म्हणतात; त्यातल्या सिग्मॉइड मोड्यूलमध्ये कॉन्ट्रास्ट जरा मऊ केला आणि रंगछटा टिकवणारा स्लायडर बघत बघत हलवला. मग कलर बॅलन्स आरजीबीमध्ये फक्त पिवळ्यापुरता पॅरामेट्रिक मास्क (रंग-उजेडावरून ठरणारी निवड) लावून क्रोमा, म्हणजे रंगाचा गडदपणा, उतरवला. छत्रीखालचे चेहरे काळवंडले होते. त्यांच्यासाठी टोन इक्वलायझर. हे मोड्यूल चित्राचे उजेडाप्रमाणे पट्टे पाडतं आणि ज्या पट्ट्यावर कर्सर असेल तेवढाच वर-खाली करू देतं, तेही पोत न मारता. ढोल वाजवणाऱ्या आजोबांच्या भुवयांवर बसलेली हळद कणाकणाने दिसायला लागली तेव्हा मी मामाला हाक मारली. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "हे आमच्या टायमाला पाहिजे होतं."

दुसरा अनुभव तालमीचा. कोल्हापुरात राहून लाल मातीचे फोटो काढायचे नाहीत असं होत नाही. तालमीत सकाळी एका बाजूने खिडकीचा निळसर उजेड, वर ट्यूबलाइटचा हिरवट, आणि मध्ये तांबडी माती अंगाला लागलेले पैलवान. एकच व्हाइट बॅलन्स लावाल तर एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. डार्कटेबलमधलं कलर कॅलिब्रेशन मोड्यूल एकाच फोटोवर दोनदा वापरता येतं: एक खिडकीच्या बाजूला, एक ट्यूबच्या बाजूला, मध्ये मऊ कडेचा मास्क. हे करताना डोळ्याला वळण लागतं. आता मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी उजेड कुठून कुठून येतोय ते मोजते.

ट्यूबचा एक त्रास मात्र कुठलंही सॉफ्टवेअर नीट निस्तरू शकत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/१०० पेक्षा जलद ठेवलं की एका फोटोत उजेड एक, पुढच्यात दुसरा, कधी अर्ध्या फोटोवर पट्टा. पण डाव पकडायचा तर १/२५० तरी हवं! मग शिकणाऱ्याने ठरवायचं: मेहनतीचे, जोर-बैठकांचे, माती उकरण्याचे फोटो १/१०० वर घ्यायचे आणि पकडीचे फोटो खिडकीच्या बाजूला उभं राहून.

या उजेडात आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ३२०० च्या खाली जमत नाही, त्यामुळे नॉइज, म्हणजे ठिपके आणि दाणे, येतोच. डीनॉइज प्रोफाइल्ड मोड्यूलची खुबी ही, की त्यात कॅमेऱ्याच्या त्या त्या मॉडेलचा, त्या त्या आयएसओवरचा नॉइज आधीच मोजून ठेवलेला असतो. फाइलमधली माहिती वाचून ते स्वतःच सुरुवात करतं. माझा सल्ला, रंगीत ठिपके तेवढे काढा आणि बारीक दाणा राहू द्या. पैलवानाच्या पाठीवरची माती गुळगुळीत झाली की फोटो मेला.

डार्कटेबल मूळ फाइलला कधी हात लावत नाही. तुम्ही केलेला प्रत्येक बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिला जातो. काही केबींची फाइल ती, पण शिकण्यासाठी सोनं. आमचे सर मला त्यांची रॉ आणि एक्सएमपी देतात. मी उघडते आणि डावीकडच्या हिस्टरीत त्यांनी कोणत्या क्रमाने काय केलं ते एकेक पायरी मागे जाऊन बघते. माझी फाइल त्यांना देते, ते त्याच फोटोची दुसरी प्रत करून आपला मार्ग दाखवतात. प्रत केली तरी रॉ एकच राहते, डिस्कवर जागा जात नाही. वर्गातल्या आम्ही तिघी-चौघी एकच रॉ घेऊन बसतो आणि चार वेगळे फोटो बाहेर येतात. अशी शिकवणी मला दुसरीकडे मिळाली नाही.

आता अवघड गोष्टी. पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं, हे खरं आहे. मोड्यूल ढिगाने आहेत, आणि एकच काम करणारी तीन-तीन आहेत, कारण जुन्या फोटोंचं एडिटिंग मोडू नये म्हणून जुनी मोड्यूलंही ठेवलेली असतात. त्यामुळे यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ लावलात तर त्यातली पद्धतच आज बदललेली असते. ज्यात बेस कर्व्हपासून सुरुवात करायला सांगतात तो व्हिडिओ सोडून द्या. फिल्मिक आरजीबी किंवा सिग्मॉइडपासून सांगणारा शोधा, सिग्मॉइड ४.२ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये आलं आणि नवख्याला तेच सोपं. सॉफ्टवेअरचं स्वतःचं मॅन्युअल चांगलं आहे, पण ते वाचायला इंग्रजीची आणि धीराची तयारी हवी. मराठीत यावर सलग, नीट असं कुणी लिहायला हवं, असं मला फार वाटतं.

लॅपटॉपचंही बघा. ८ जीबी रॅमवर चालतं, पण डिफ्यूज ऑर शार्पन किंवा डीनॉइजसारखी जड मोड्यूलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर वेळ खातात. मी ती सगळ्यात शेवटी चालू करते. फोनवर डार्कटेबल नाही. मोठ्या वस्तू पुसून टाकणं, आकाश बदलणं, पोस्टरवर अक्षरं टाकणं ही त्याची कामं नव्हेत. सेन्सरवरची धूळ, भिंतीवरचा डाग एवढं रीटच मोड्यूलमध्ये होतं, बाकीच्याला गिंप घ्यावं, तेही फुकटच आहे. आणि लग्नाचे हजार फोटो रातोरात द्यायचे असतील तर मी मामाच्या बाजूने आहे, जेपेग काढा.

सुरुवात करणाऱ्याला मी पाचच मोड्यूलं सांगते: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, टोन इक्वलायझर, कलर बॅलन्स आरजीबी. किट लेन्स असेल तर लेन्स करेक्शनही चालू ठेवा, १८ एमएमवर भिंती वाकतात त्या सरळ होतात. एवढ्यावर एक सत्र काढा. बाकीच्यांना पॅनेलमधून लपवता येतं, लपवूनच ठेवा. फोटो निवडताना लाइटटेबलमध्ये आकड्यांच्या बटणांनी तारे द्या आणि ज्याला तीनपेक्षा कमी तारे, त्याच्यावर एडिटिंगचा वेळ घालवू नका.

प्रिंट मात्र काढाच. १५००डीचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे १८ बाय १२ इंचाला ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल) सहज भरतो आणि बाजूही कापावी लागत नाही. एक्स्पोर्ट करताना प्रिंटच्या लॅबसाठी एसआरजीबी हे रंगांचं प्रोफाइल निवडा, जेपेगची क्वालिटी ९५ ठेवा. आणि एडिटिंगला बसण्याआधी लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड कमी करा. पूर्ण ब्राइटनेसवर बरोबर वाटणारा फोटो कागदावर हमखास काळपट येतो, आणि छत्रीखालचे चेहरे सगळ्यात आधी बुडतात.