लटकन की तोइया?

पुण्यात राहून रंगीत रानपोपट पाहायचा असेल तर सोपा तोइया. सिंहगडच्या पायथ्याशी ‘टुइंक’ ऐकू आलं की वर बघा: नराचं डोकं जांभळट लाल, मादीचं राखाडी, शेपूट लांब.

माझं मन मात्र लटकन या छोट्या पोपटावर. त्यासाठी ताम्हिणीचं दाट रान गाठावं लागतं आणि तरीही तो हमखास दिसेलच असं नाही. जेमतेम 14 सेंटिमीटर, पानांसारखाच हिरवा. लाल कंबर उडतानाच नीट दिसते. नराच्या गळ्यावर निळा डाग. फुलातला मध खातो, उलटा लटकून झोपतो! मादी ढोलीत न्यायचं सामान कमरेच्या पिसांत खोचून नेते.

पिंजऱ्यात दोघेही नकोतच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.