धूळवाफ पेरणी की नट्टी? भाताची वेळ शिवार पाहून ठरवा

भाताचे बी कोरड्या मातीत थेट पेरायचे (धूळवाफ) की रोपे तयार करून चिखलात लावायची (नट्टी), बेळगाव-खानापूर पट्ट्यात वळीव पडला की हा प्रश्न दारात उभा राहतो. शेजाऱ्याने कुरी (पेरणीचे औजार) जुंपली म्हणून आपणही जुंपायची, हे मात्र टाळा.

धूळवाफ पेरणी रोहिणीत, म्हणजे २५ मेपासून. एकरी २५ ते ३० किलो बी, दीड ते दोन इंच खोल. माती पूर्ण कोरडी असेल तर बी पावसापर्यंत तग धरते. मुंग्या-पाखरांचा उपद्रव तेवढा होतो. चांगला वाफसा (पेरणीजोगी ओल) असेल तरी उगवण होते. घात करते ती अर्धवट ओल. वरचे दोन इंच भिजलेले, खाली कोरडे; बी फुटते, मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की कोंब करपतात आणि दुबार पेरणी नशिबी येते. म्हणून चार बोटे खोल माती उकरून मूठ वळून पाहा. गोळा होऊन टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. वर ओले आणि खाली धूळ असेल तर कुरी थांबवा.

दुसरा त्रास तणाचा, कारण ते भाताबरोबरच उगवते. विसाव्या दिवसाच्या आसपास पहिली कोळपणी (कोळप्याने ओळींमधले तण काढणे) हवीच. पाऊस लागून राहिला तर कोळपे चालत नाही, मग भांगलणीचा, म्हणजे हाताने तण काढण्याचा, खर्च अंगावर येतो.

नट्टीत चिखलणीमुळे तण दबते आणि बीही कमी, एकरी २० ते २५ किलो, लागते. रोपवाटिका चार गुंठे. मृगात बी टाकले की २१ ते २५ दिवसांचे रोप पुनर्वसूच्या सुमारास लावणीला येते. चिखलाला पाणी नाही किंवा मजूर मिळत नाहीत म्हणून रोप ३५ दिवसांपुढे गेले तर फुटवे घटतात. यावर उपाय म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत बी टाकणे.

कणकुंबी-जांबोटीकडच्या मुसळधार पावसात नट्टीच बरी. बळ्ळारी नाल्याकाठी, येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारात, आम्ही धूळवाफच सुचवू. जुलै-ऑगस्टात नाला फुगतो तेव्हा पेरलेले भात दीड-दोन महिन्यांचे, मुळे धरलेले असते. नुकतीच लावलेली रोपे आठवडाभर पाण्याखाली राहिली तर कुजतात. मात्र तिथेही गुंठाभर रोप वेगळे राखा, पाणी ओसरल्यावर नांगे (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) भरायला लागते.