पाच पिढ्यांच्या श्वानघराण्याचे कॅलेंडर आणि भेटकार्डे

मॅनहॅटनमधील २३व्या रस्त्याच्या भुयारी स्थानकात एफ गाडीची वाट पाहत उभे राहिले की भिंतीवरून फ्लो आणि टॉपर हे दोन राखाडी कुत्रे आपल्याकडे पाहत असतात. रेनकोट, शर्ट अशा रोजच्या कपड्यांतील त्यांची ही ११ मोझेक चित्रे २०१८ मध्ये तेथे बसवली गेली. ती अमेरिकी छायाचित्रकार विल्यम वेगमन यांच्या छायाचित्रांवरून केलेली आहेत. न्यू जर्सीहून कामाला ये-जा करताना माझी त्यांच्याशी ओळख झाली आणि त्यानंतर वेगमन यांच्या छायाचित्रांचे भिंतीवरचे कॅलेंडर व भेटकार्डांची पेटी या दोन वस्तू आमच्या घरात कायमच्या येऊन राहिल्या. कुत्र्यांची चित्रे असलेल्या वस्तूंना अमेरिकेत तोटा नाही. टोपी घातलेली, फुगे बांधलेली, बशीत बसवलेली पिल्ले प्रत्येक भेटवस्तूंच्या दुकानात दिसतात आणि आठवड्याभरात त्यांच्याकडे पाहावेसे वाटेनासे होते. या दोन वस्तू मात्र वर्षभर पुरतात, आणि त्याचे कारण मला चित्रातील कुत्र्यांच्या घराण्यात सापडते.

वेगमन यांचा जन्म १९४३ चा, मॅसॅच्युसेट्समधील होलिओकचा. शिक्षण चित्रकलेचे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे शिकवत असताना त्यांनी वाइमरानर जातीचा एक कुत्रा घेतला आणि त्याचे नाव प्रसिद्ध कलावंताच्या नावावरून मॅन रे ठेवले. पुढची बारा वर्षे हा कुत्रा त्यांच्या छायाचित्रांत आणि कृष्णधवल व्हिडिओंत बरोबरीने काम करत होता. १९८२ मध्ये तो गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने त्याला त्या वर्षीचा मानकरी ठरवून मुखपृष्ठावर छापले. त्यानंतर काही वर्षे वेगमन यांच्याकडे कुत्रा नव्हता. १९८६ मध्ये फे रे ही कुत्री आली. तिला १९८९ मध्ये पिल्ले झाली, त्यांतील बॅटिनाचा मुलगा चिप १९९५ मधला, चिपचा मुलगा बॉबिन १९९९ मधला आणि बॉबिनची मुलगी पेनी २००४ मधली. आजीपासून खापरपणतीपर्यंत मोजावे तशा या पाच पिढ्या एकाच माणसाच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात, विणकरांची असतात. हे कॅमेऱ्यासमोर निश्चल बसण्याचे घराणे आहे, आणि कार्डे एकापुढे एक मांडली की कान दुमडण्याची, मान वळवण्याची तीच लकब पुढच्या पिढीत ओळखू येते.

निश्चलतेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्राण्यांना कपडे घालून छायाचित्रे काढण्याचा आणि त्यांची पोस्टकार्डे विकण्याचा व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे. पेनसिल्व्हेनियातील हॅरी व्हिटियर फ्रीस हे मांजरीची व कुत्र्यांची पिल्ले सजवून असे फोटो काढत आणि त्या पिल्लांचे इवलेसे पोशाख त्यांची आई शिवत असे. घरगुती व्यवसायाचे ते गोड उदाहरण असले, तरी त्या चित्रांतील पिल्ले बाहुल्यांसारखी दिसतात. वेगमन यांचा कुत्रा बाहुली होत नाही. मनुष्याच्या कपड्यांत स्टुलावर बसलेल्या, मागे लपलेल्या माणसाचे हात बाह्यांतून पुढे आलेल्या अवस्थेतही त्याचा चेहरा आपल्या कामाकडे लक्ष असलेल्या कसबी नटाचा राहतो. माझ्याकडच्या एका कार्डावर फे रे चारही पायांत चाकांचे स्केट घालून उभी आहे. विषय हसण्याचा आहे, परंतु तिच्या पिवळसर डोळ्यांतील गांभीर्य असे, की मी हे कार्ड हसवण्यासाठी कोणाला कधीच पाठवले नाही.

यांतील जुन्या रंगीत चित्रांमागे एक विलक्षण यंत्र आहे. पोलरॉइड कंपनीचा २० बाय २४ इंचांचा प्रिंट थेट बाहेर काढणारा कॅमेरा कपाटाएवढा उंच असून त्याचे वजन शंभर किलोंहून अधिक होते. १९७९ पासून वेगमन यांनी तो वापरायला घेतला. मिनिटाभरात प्रिंट हाती येई आणि तो एकमेव असे. त्याची दुसरी प्रत काढण्यासाठी निगेटिव्ह नसे. मॅन रेच्या अंगावर वरून पीठ पडते आहे असे १९८२ चे एक चित्र आहे. त्यातील प्रत्येक कण टिपला गेला आहे आणि त्याखाली कुत्रा ध्यानस्थ बसला आहे. वाइमरानरचा राखाडी रंगही या कामाला फार अनुकूल आहे. शेजारी लाल कापड आले तर त्या राखाडीला तांबूस छटा चढते, निळी पार्श्वभूमी आली तर तोच रंग पोलादी दिसतो. एवढा मोठा, एकुलता एक प्रिंट कॅलेंडरच्या पानाएवढा लहान होऊन येतो तेव्हा काही हरवते, हे मान्य केले पाहिजे. मूळ प्रिंटसमोर उभे राहिल्यावर केसाकेसाचा जो पोत दिसतो, तो छपाईत येत नाही. तरीही स्वयंपाकघरातील खिळ्यावर टांगण्यासाठी मिळणारी ही छपाई चोख आहे.

कॅलेंडर म्हणून त्याचा उपयोग कसा होतो, हेही सांगते. आमच्याकडे ते कालनिर्णयच्या शेजारी असते, कारण तिथी, एकादशी आणि चतुर्थी त्यात अर्थातच नाहीत. तारखांचे चौकोन मोकळे आणि ऐसपैस असल्यामुळे दर महिन्याच्या एक तारखेला मी कालनिर्णयमधील सणवार त्यात हाताने उतरवून घेते. जेल पेनाची शाई फुटत नाही, शाईपेनाची किंचित पसरते. भेटकार्डांचा कागद त्याहून जाड आहे, आतली बाजू कोरी असते आणि छापील शुभेच्छांचा मजकूर नसतो, ही मला त्यांची सर्वांत मोठी सोय वाटते. वाढदिवस, बारसे किंवा दुखवटा, कशासाठीही स्वतःचे शब्द मराठीत लिहिता येतात. आमच्या पुण्याच्या वन्संचा चौदा वर्षांचा कुत्रा गेला तेव्हा मी त्यांना बॅटिनाचे कार्ड पाठवले होते. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले, तर देवघराबाहेरच्या फळीवर त्यांच्या कुत्र्याच्या फोटोशेजारी ते कार्ड चौकटीत बसवून ठेवलेले होते.

मुले लहान असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. वर्ष संपल्यावर कॅलेंडर टाकून देऊ नये. आमच्या लहानपणी जुन्या कॅलेंडरच्या पानांची वह्यापुस्तकांना कव्हरे घालत, तशी मी माझ्या मुलीच्या वह्यांना घालते. कागद घडीवर तडकत नाही आणि थोडे मोजून दुमडले तर कुत्र्याचा चेहरा बरोबर वहीच्या दर्शनी बाजूस येतो. गणिताच्या वहीवर तिने स्वतः निवडलेली पेनी आहे आणि नावाचे लेबल तिच्या नाकाला लागू नये म्हणून कोपऱ्यात, जरा तिरके चिकटवलेले आहे.