५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) मार्गे दक्षिण सुदानला खाऊची पेटी : बरेच महिने पाठवून पाहिल्यावर

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते. सरकारी पोस्टानं पाठवा, पेटी लहान ठेवा, पत्त्यात देशाचं नाव लिहू नका, आणि आत जे घालाल ते एका माणसाच्या हिशेबानं नको, त्याच्या खोलीतल्या सगळ्यांच्या हिशेबानं घाला. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचावं.

आमचे हे गेल्या पावसाळ्यापासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला आहेत. युनिट, छावणी, गाव यातलं काही लिहिणार नाही, ते लिहायचं नसतंच. आम्ही उचगाव भागातले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं आमच्या बाजूला प्रत्येक गल्लीत एक तरी फौजी घर सापडतं आणि सल्ला देणारी माणसं तर घरापेक्षा जास्त. काश्मीरला किंवा अरुणाचलला पेटी कशी पाठवायची हे सगळ्यांना पाठ. देशाबाहेर कशी, असं विचारलं की मात्र ज्याचं त्याचं वेगळं. कुणी म्हणालं विमानाचं कुरियर लागतं, कुणी म्हणालं कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, एक काकी तर म्हणाल्या, "पोचत नाही गं, उगं कशाला पैसे घालवतीस."

शेवटी कामाला आले ते शेजारचे सुभेदार मामा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते स्वतः काँगोत शांतिसेनेत राहून आलेले. म्हणाले, "फौजी कुठंही असू दे, त्याचं पोस्ट फौजेच्या पोस्टातनंच जातं. तू नुसतं ५६ एपीओ लिही आणि गप बस." तसंच निघालं.

पत्ता असा: सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिटचं नाव, मार्फत ५६ एपीओ, आणि शेवटी युनिटचा सहा आकडी पिन. हा पिन ९ नं सुरू होतो. आपल्या पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी आणि संस्कृतात कविता करणारे. त्यांनी देशाचे आठ विभाग भूगोलाप्रमाणं पाडले आणि नववा सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला. म्हणून तुमचा माणूस लडाखला असो की नाईलच्या काठी, पिन नवाचाच. पिन न चुकता घ्या, कारण काउंटरवरचा संगणक आधी तोच विचारतो, नाव नंतर. पत्ता इंग्रजीत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा. पुढं तो वाचणारा माणूस मराठी किंवा कानडी जाणणारा असेलच असं नाही. खाली पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, पिन बरोबर असला की पेटीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

पहिल्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी पेटी फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, "इदु एल्लिगे होगतैति, अक्का?" (हे कुठं जातंय?) मी अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की ते पेटीवर लिहायचं नसतं. त्या हसल्या आणि शिक्का मारला. दर देशातल्याच पार्सलचा लागला, कस्टमचा कागद कुणी मागितला नाही.

पुढचा प्रवास मामांनी समजावला तेवढा सांगते. आपलं पोस्ट ही पेटी दिल्लीला सैन्याच्या मुख्य टपाल केंद्रापर्यंत नेतं. तिथून पुढं आर्मी पोस्टल सर्व्हिस. ही माणसं गणवेशातली, त्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या महाराष्ट्रात कामठीला आहे, आणि १ मार्च १९७२ पासून त्यांचं स्वतंत्र दल आहे. ५६ आणि ९९ असे दोन एपीओ. ९९ हा पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी, त्याचं केंद्र कोलकात्याला. आकडा बदलला तर पेटी भलत्याच दिशेला जाते, तेव्हा फोनवर ऐकून लिहू नका, माणसाकडून लिहून मागवा. एकदा पेटी फौजेच्या हातात गेली की आपल्या मोबाइलवर तिचा माग थांबल्यासारखा होतो. घाबरायचं कारण नाही. मी पहिल्या पेटीला रोज सकाळ-संध्याकाळ बघत होते, नंतर बघणंच सोडून दिलं.

वेळ किती लागतो? माझा अनुभव तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत. हा फरक पोस्टामुळं नाही, तिथल्या पावसामुळं. दक्षिण सुदानमध्ये साधारण एप्रिल-मे पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस असतो आणि तिथली काळी माती भिजली की रस्ते बंद. ट्रक चिखलात बसतो तो बसतो. मग सगळं विमानानं नाहीतर हेलिकॉप्टरनं, आणि त्यात आधी औषधं, सामान, माणसं. चिवड्याचा नंबर शेवटी लागणार, हे मान्य करून पाठवायचं. म्हणून पंचांगाच्या एक महिना पुढं राहायचं. नणंदेनं राखी आषाढी एकादशीच्या सुमाराला माझ्याकडं आणून दिली तेव्हा शेजारणी हसत होत्या. दिवाळीचा फराळ आम्ही घटस्थापनेच्याही आधी केला. आमच्याकडं पितृपक्षात कढई चढवत नाहीत, तेव्हा तो पंधरवडा येण्याआधीच चकल्या तळून मोकळ्या झालो.

आता आत काय घालायचं, हा खरा विषय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तिथं ते उपाशी नसतात. शांतिसेनेचं रेशन चांगलं असतं, अंडी, चिकन, फळं सगळं मिळतं, आणि आपल्या तुकडीचे स्वयंपाकी डाळ-रोटी-भाजी करतात. म्हणजे तांदूळ, डाळ, साखर असलं काही पाठवायचं नाही. बेळगाव बासमतीची पिशवी पाठवायची सासऱ्यांची फार इच्छा होती. मी वजन दाखवलं, मग गप्प झाले. कमी असते ती चव. लंगरातली डाळ शंभर माणसांच्या जिभेची असते, त्यात आपली जीभ कुठं सापडणार? ती चव चमचाभर चटणीत मावते.

म्हणून माझ्या लेखी पहिला नंबर शेंगाच्या चटणीचा. आमच्याकडं शेंगा, लसूण, मीठ आणि लाल मिरची उखळात कुटून करतात, मिक्सरवर केली की तेल लवकर सुटतं आणि पिशवीला डाग पडतो. कोरडी कुटलेली चटणी दीड महिन्याच्या प्रवासानंतरही उघडल्यावर लसणाचा वास मारत होती, असं ह्यांनी सांगितलं. दुसरा नंबर कारळ्याच्या चटणीचा, ती तर अजून टिकते. मेतकूट पण चांगलं जातं, पण ते खाणारे थोडे. पंजाबी पोरांना ते काय आहे हेच कळलं नाही म्हणे. शेंगाची चटणी मात्र हरयाणापासून तमिळनाडूपर्यंत सगळ्यांनी खाल्ली, आणि दुसऱ्या फोनला "ती तुमची मूंगफलीवाली" अशी फर्माईश आली.

गोडात कुंद्याबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण बेळगावची माणसं म्हटल्यावर पहिला विचार त्याचाच येतो. आमच्या मावशींनी ऐकलं नाही, दिवाळीच्या पेटीत कुंद्याचा डबा घातलाच. खवा आटवून केलेला पदार्थ, पंख्याखाली आठवडा काढला तरी पुष्कळ. तो डबा तिथं कुणी उघडला, पुढं काय झालं, ते इथं लिहीत नाही. मांडेही नको, ते पोचतात पण चुरा होऊन. त्याऐवजी गोकाकचा करदंट घाला. गूळ, डिंक, सुकामेवा, दुधाचा थेंब नाही, आणि कडक असल्यामुळं आपटलं तरी आकार सोडत नाही. महिन्याभरानंतरही आज केल्यासारखा लागला. तिळाचे लाडूही तसेच. बेसनाचे लाडू तुपामुळं उन्हात जरा बसतात, पण चालून जातात. गूळपोळी दोन वेळा पाठवली, दोन्ही वेळा चांगली पोचली, फक्त प्रत्येकीच्या मध्ये कागद घालायचा.

लोणचं घालू नका. कितीही पिशव्यांत बांधा, तेल वाट काढतंच, आणि मग दुसऱ्याच्या पेटीलाही लागतं.

विमानानं जाणार म्हटल्यावर काही गोष्टी मुळातच वर्ज्य आहेत. काडेपेटी, लायटर, अत्तर, फवाऱ्याचा डिओ, दाढीच्या फेसाचा डबा, पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या. आणि कापूर. हा कापूर बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गणपतीच्या वेळी मी आरतीसंग्रह, वस्त्रमाळ, लाल फुलांची कापडी माळ असं सगळं भरलं होतं आणि शेजारून कापराची डबी आली. ती मी बाजूला काढली तर "देवाचं काढू नको" म्हणून घरात अर्धा तास चर्चा. कापूर पेट घेतो, विमानात तो धोक्याच्या मालात मोडतो, इथं देवाचा संबंध नाही. आरतीसंग्रह मात्र छावणीतल्या देवळात राहिला, पुढच्या तुकडीला उपयोगी पडेल.

खाण्याखेरीज सगळ्यात चांगली लागू पडलेली वस्तू म्हणजे कालनिर्णय. सपाट, हलकं, फुटत नाही, सांडत नाही. ह्यांनी ते स्वतःच्या खाटेजवळ न लावता मेसच्या दारात लावलं. आता चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे बघायला दहा जण येतात, मागची पानं वाचायला अजून चार. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आहे, त्यामुळं चंद्रोदय बघून उपास सोडणाऱ्यांचा जरा घोळ होतो, तो त्यांचा ते बघतात.

पेटी खोलीसाठी भरायची असं जे वर म्हटलं ते अशाच गोष्टींवरून सुचलं. पहिल्या पेटीत मी सगळं ह्यांच्यापुरतं, छोट्या छोट्या डब्यांत, नाव घालून भरलं होतं. फोनवर विचारलं तर म्हणाले, "पेटी संध्याकाळी आली, रात्री रिकामी." मला वाईट वाटलं होतं. मामा म्हणाले, "अगं, त्याच्या हातात चार दिवसांची मिजास आली की. पुढच्या वेळी बिहारच्या पोराच्या घरनं ठेकुआ आला की पहिला ह्याला मिळणार." तेव्हापासून चटणी किलोनं, लाडू मोजून नाही. डबे बंद केले, जाड झिपच्या पिशव्या वापरते. वजन उतरतं आणि कोपऱ्यात नीट बसतात.

पेटीबद्दल: एक मोठी पाठवण्यापेक्षा दोन लहान बऱ्या. एक मागं राहिली तरी दुसरी पोचते, आणि हेलिकॉप्टरात लहान पेटीला जागा लवकर मिळते. पूर्वी मांजरपाटाच्या कापडात शिवून लाखेचा शिक्का मारायचे, सुभेदारीण मामींच्या हातचं ते शिवण मी लहानपणी पाहिलंय. आता चांगला खोका आणि रुंद टेप पुरतो. आपल्याकडच्या पावसात मात्र खोक्याच्या आत आधी प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि पुठ्ठा दोन दिवस चुलीच्या खोलीत वाळवा. जुलैमध्ये आमच्या भागात हात पुसायचा रुमालसुद्धा वाळत नाही.

दुसरे मार्ग मी बघितले होते. शहरातल्या एका खासगी कुरियरवाल्यानं एपीओचा पत्ता बघूनच मान हलवली. दुसऱ्या एका एजंटानं जुबाला, म्हणजे तिथल्या राजधानीला, थेट पाठवतो म्हणून जो आकडा सांगितला त्यात एक शेळी आली असती, आणि वर तिथं पेटी घ्यायला कोण जाणार याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. सुट्टी संपवून परत जाणाऱ्याच्या हाती पाठवणं हा तिसरा मार्ग चांगला आहे, लवकर पोचतं. पण त्याच्या स्वतःच्या घरचंही असतं, तेव्हा पाव किलोच्या वर द्यायला मन धजत नाही. औषधाची चिठ्ठी, चष्मा, मुलाचं प्रगतिपुस्तक, असल्या गोष्टी मी तशा पाठवल्या.

पत्राबद्दल थोडं. रोज व्हिडिओवर बोलणं होतं, तरी प्रत्येक पेटीत एक पत्र घालते. फोनवर पोरं "पप्पा" म्हणून ओरडतात आणि पळतात, पत्रात धाकट्यानं शेतातल्या टाकीचं चित्र काढलं, खाली "इथं बेडूक आहे" असं लिहिलं. तिथनं उत्तर आलं त्या पाकिटावरचा शिक्का बघण्यासारखा: गावाचं नाव नाही, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा आणि तारीख. मामांनी तो बघून त्यांच्या संग्रहातली तिकिटं काढली. पूर्वी आपली तुकडी परदेशी गेली की भारताच्याच तिकिटांवर वेगळी अक्षरं छापून देत असत, १९५३ ला कोरियासाठी, १९६२ ला काँगोसाठी, १९६५ ला गाझासाठी. त्यांच्याकडं काँगोचं आहे. विकत मागितलं तर देत नाहीत.

एक शेवटची सूचना, ही फार कुणी सांगत नाही. शांतिसेनेतली नेमणूक साधारण वर्षाची असते. परतीच्या आधीचे दोन महिने काही पाठवू नका. पेटी तिथं पोचेपर्यंत माणूस निघालेला असतो, मग ती त्याच्या मागं मागं फिरते. आमच्या घरात आता तो काळ सुरू झालाय. खोके, टेप आणि उरलेल्या झिपच्या पिशव्या मी कडोलीच्या एका सुनेला देऊन टाकल्या, तिचा नवरा पुढच्या तुकडीत निघालाय. करदंट कुठल्या दुकानातून घ्यायचा तेही तिला सांगितलंय.