कणीक मळायचं मशीन: शाळेच्या स्वयंपाकघरात दीड वर्ष वापरल्यावर

नाशिकमधल्या एका शाळेचं स्वयंपाकघर मी ९ वर्षं सांभाळतेय. रोज साधारण ४०० मुलं जेवतात, लहान गटातली दोन-दोन पोळ्या खातात आणि सातवी-आठवीची तीन, कधी चार पण, म्हणजे हजाराच्या आसपास पोळ्या आणि २८ ते ३० किलो पीठ. दीड वर्षापूर्वी आम्ही कणीक मळायचं मशीन घेतलं, राजकोटच्या बनावटीचं, १० किलोचं, स्टीलच्या ड्रमचं, ३२ हजारांना पडलं. तेव्हा मी नेटवर खूप शोधलं होतं पण शाळेत वापरणाऱ्या कोणी नीट लिहिलेलं सापडलंच नाही, सगळे हॉटेलवाले, आणि हॉटेलात पोळी तव्यावरून थेट ताटात जाते, आमच्याकडे सकाळी ९ ला लाटलेली पोळी मूल साडेबाराला खातं, खूप फरक पडतो त्याने. म्हणून लिहितेय.

आधी मशीन का लागलं ते सांगते. पूर्वी आमच्याकडे कॅन्टीन म्हणजे वडापाव, सामोसा, वेफर्सची पाकिटं असंच होतं, पोळीभाजी थोड्याच मुलांना लागायची. मग एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०२० चे नियम आले, जास्त चरबी-मीठ-साखर असलेलं काही शाळेत विकायचं नाही आणि गेटपासून ५० मीटरच्या आतही नाही, आणि शाळेने ठरवलं की आता सगळ्यांना पूर्ण जेवणच द्यायचं. मला स्वतःला याचा फार आनंद झाला होता, खरं सांगते, पण पोळ्या एकदम चौपट झाल्या आणि मळणाऱ्या मावशी त्याच दोघी.

२८ किलो कणीक हाताने तिंबणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. पहाटे पावणेसहाला परातीसमोर बसायचं ते सव्वासातला उठायचं. आमच्या मोठ्या मावशींच्या उजव्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला असायचा आणि मळताना तो ओला होतो म्हणून काढून ठेवायच्या, म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच तो खुंटीला. शेवटच्या परातीला हात थकलेले असायचे, मग ती कणीक कमी मळली जायची आणि त्या पोळ्या वातड. आणि नेमक्या त्याच पोळ्या शेवटच्या पंगतीला, म्हणजे मोठ्या मुलांना. आम्ही उष्ट्याची बादली रोज काट्यावर ठेवतो, वहीत लिहितो, तेव्हा ७-८ किलो भरायची आणि त्यात निम्म्याहून जास्त पोळ्यांच्या कडा.

आता मशीनबद्दल. १० किलोचं मशीन म्हणजे १० किलो पीठ नाही बरं का, पीठ आणि पाणी मिळून १० किलो! हे आम्हाला दुकानात कोणी सांगितलं नाही, पहिल्याच दिवशी ८ किलो पीठ टाकलं आणि मोटर घुरघुरून बंद पडली. आता ६ किलो पीठ, पावणेचार लिटरच्या आसपास पाणी, थोडं मीठ, थोडं तेल, असा एक घाणा ८-९ मिनिटांत होतो. रोज ५ घाणे. पाणी एकदम ओतायचं नाही, आधी तीन भाग आणि उरलेलं बघून बघून, कारण लोकवनचं पीठ वेगळं पाणी पितं आणि नवीन गहू आला की परत सगळा अंदाज बदलतो, हे बटण दाबून होत नाही, धाकट्या मावशी झाकणाच्या जाळीतून बघून सांगतात, "ताई, अजून अर्धा तांब्या." डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा कोमट पाणी घ्या, नाहीतर कणीक घट्ट होते आणि मशीनपण जोर लावतं.

मळून झाली की ओल्या फडक्याखाली २० ते २५ मिनिटं ठेवायचीच. मशीनने मळली म्हणून लगेच लाटायला घेतली तर पोळी आखडते. आम्ही पहिला आठवडा हीच चूक केली आणि सगळे म्हणायला लागले की मशीनच्या कणकेची पोळी चांगली होत नाही. होते हो! घडी घातली की पदर सुटतात, आणि महत्त्वाचं म्हणजे पाचवा घाणा पहिल्यासारखाच असतो.

काय जमत नाही तेपण सांगते. गुरुवारी आमच्याकडे ज्वारीची भाकरी असते, ते पीठ या मशीनला अजिबात देऊ नका, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, ड्रमला नुसतं थापलं जातं, ते गरम पाण्यात हातानेच मळायचं आणि तेही थोडं थोडं. पुऱ्यांची घट्ट कणीक होते पण ३ किलोच्या वर टाकू नका, मशीनचा पट्टा जळाल्याचा वास येतो. वरणफळांना नेहमीचीच कणीक थोडी घट्ट भिजवून चालते. थालीपिठाची भाजणी आम्ही हातानेच करतो, कांदा-कोथिंबीर घातल्यावर मशीनमध्ये पाणी सुटून लगदा होतो.

साफसफाई हा याचा खरा वैताग आहे. ड्रमच्या तळाला पात्याच्या दांड्याभोवती कणीक अडकते, ती लगेच काढली तर दोन मिनिटांचं काम, वाळली तर अर्धा तास खरवडा. आम्ही शेवटच्या घाण्यानंतर मूठभर कोरडं पीठ टाकून एक मिनिट फिरवतो, त्याने बरंच निघून येतं, मग गरम पाणी आणि काथ्या. आणि मेन स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही, हा आमच्याकडे कडक नियम आहे, ओढणी नाही, पदर खोचलेला. घ्याल तेव्हा झाकण उघडलं की आपोआप बंद होणारंच घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हातांचं काम आहे. एक फायदा मी धरलाच नव्हता, आधी काचेच्या बांगडीचा तुकडा कणकेत जाईल ही धास्ती मला रोज असायची, मळताना बांगड्या काढायला सांगितलं तरी सणासुदीला मावशींना जिवावर यायचं. ती धास्ती बरीच कमी झाली.

आणि आता तक्रार. १४ महिन्यांनी गियरबॉक्सचं ऑईल सील गेलं, म्हणजे आतलं तेल बाहेर येऊ न देणारी कडी. मला कणकेवर बोटभर काळपट डाग दिसला, तो अख्खा घाणा फेकून दिला, पोळीऐवजी त्या दिवशी मुगाची खिचडी लावली. वॉरंटी १२ महिन्यांची. विकणाऱ्याने आज माणूस पाठवतो, उद्या पाठवतो करत ११ दिवस घालवले, सील केवढ्याचं तर दोनशे-अडीचशेचं! मला फार राग आला होता कारण ते ११ दिवस मोठ्या मावशी परत परातीवर बसल्या, पट्टा परत खुंटीला. बादली परत साडेसहा किलोवर गेली, वहीत आहे सगळं. आता मी दोन सील कपाटात आणून ठेवलेत आणि जवळच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला बसवायला शिकवून घेतलंय.

माझ्या मते हे मशीन किती किलोचं, किती मिनिटांत, यावर जोखू नका. आमची बादली आता अडीच-तीन किलो भरते. तिसरीतला एक मुलगा आहे, तो फक्त मधली मऊ पोळी खाऊन कडा ताटाखाली लपवायचा, दोन वर्षं मी बघत होते, रागावले नाही कधी. दिवाळीनंतर एक दिवस ताट घेऊन परत रांगेत आला, मला वाटलं भाजी हवी असेल, तर म्हणाला, "काकू, नुसती पोळी द्या." मी दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले जरा वेळ. या कामात पगार बेताचा, सुट्टी नाही, गॅस संपला की जीव वर-खाली, पण असं काही झालं ना की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठताना अंग जड वाटत नाही.

आणि मोठ्या मावशी. मशीन आल्यावर दोनेक महिन्यांनी लसूण सोलत बसल्या होत्या, पट्टा नव्हता हाताला, मी विचारलं तर म्हणाल्या, "आता लागत नाही ताई, काल नातवाला उचलून घेतला मी, कितीतरी दिवसांनी." ३२ हजार मला तिथेच वसूल झाले. जो वेळ वाचला त्यात त्या आता मटकी निवडतात, कोशिंबीर चिरतात, आणि त्यांच्या हातची काकडीची कोशिंबीर मुलं मागून घेतात, आधी आठवड्यातून एकदाच व्हायची ती, आता रोज.

पाचपैकी चार स्टार, एक त्या ११ दिवसांचा कापला. घ्यायला जाल तर आपल्या नेहमीच्या चक्कीचं ६ किलो पीठ सोबत न्या आणि तिथेच मळायला लावा. पोळी लगेच खाऊ नका, गरम पोळी सगळीच छान लागते, डब्यात बंद करून घरी आणा आणि साडेतीन तासांनी खा.