जपानीत विनंती: भाषांतर ॲपवर किती विसंबावं?

दुकानात किंवा स्टेशनवर मागायची असते ती वस्तू, आणि तिथे ॲप छान काम करतं. नाव घ्यायचं, पुढे 'ओ ओनेगाइ शिमासु' जोडायचं: 'मिझु ओ ओनेगाइ शिमासु', पाणी द्या. उच्चारात शेवटचा 'सु' जवळजवळ 'स्' होतो, तो ऐकून तसाच म्हणावा.

अडचण येते ती शिक्षकांकडे किंवा वरिष्ठांकडे काही मागताना. 'पत्र लिहून द्याल का?' टाकलं की बरेचदा 'काइते कुदासाइ' हाती येतं. व्याकरण बरोबर, शब्दही आदराचा. पण समोरच्याला 'नाही' म्हणायला त्यात जागा नाही. 'इथे नाव लिहा' अशा सूचनेला ते शोभतं. सरांकडे शिफारसपत्र मागताना 'काइते इतादाकेमासेन का' हवं.

हे रूप मराठी माणसाला खरं तर सोपं जावं. आपण 'लिहून द्याल का?' म्हणतो, तसंच 'लिहून मिळेल का?' असंही म्हणतो. जपानीतही त्याच दोन वाटा आहेत: देण्याची 'काइते कुरेमासेन का' आणि मिळण्याची 'काइते मोराएमासेन का'. 'इतादाकु' हे या मिळण्याचंच नम्र रूप. मोठ्यांशी बोलताना ही दुसरी वाट धरावी.

ॲपमधून उतरवून घेताना एक अक्षर जपा: 'इतादाके', 'इतादाकि' नव्हे. 'के'मुळे 'मिळू शकेल का' असा अर्थ येतो. 'इतादाकिमासु का' म्हटलं की स्वतःसाठी वापरायचं नम्र क्रियापद समोरच्याला चिकटतं, आणि आदराच्या जागी अनादर होतो.

दुसरी चूक अर्थच उलटवते. 'काइते इतादाकेमासेन का' मध्ये लिहिणार समोरचा. 'काकासेते इतादाकेमासेन का' मध्ये लिहिणार आपण, परवानगी त्यांची. मराठी वाक्यात कर्ता गाळला असेल तर ॲप इथे गोंधळू शकतं, म्हणून 'तुम्ही', 'मी' स्पष्ट लिहा. 'कृपया' मात्र एकटं टाकू नका. 'दोझो' आलं तर ते 'घ्या ना, या ना' असं पुढे करण्याचं आहे, मागण्याचं नव्हे.

उलट भाषांतर करून खात्री करण्यात फारसा अर्थ नाही. 'कुदासाइ' काय नि 'इतादाकेमासेन का' काय, मराठीत दोन्ही 'लिहून द्या' होऊन परत येऊ शकतात. वाक्याचं शेपूटच वाचायला शिका. सुरुवातीला 'सुमिमासेन गा' तेवढं आपल्या हाताने जोडा, म्हणजे 'माफ करा, पण…'.