अमेरिकेत खात्यात पैसे दिसले म्हणजे चेक वटला असं समजू नका

न्यू जर्सीत घर बदलताना सोफा आणि डायनिंग टेबल ८५० डॉलरला विकायला काढलं. घेणाऱ्याने ३,४५० चा कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला चेक, आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा) पाठवला आणि वरचे २,६०० सामान उचलायला येणाऱ्यांना द्या म्हणाला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण "एवढंही कळलं नाही?" असं लिहिण्याआधी हे वाचा.

मी घाईने पैसे पाठवले नाहीत. चेक शाखेत नेऊन काउंटरवर दिला. दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात दिसली, तरी मुद्दाम जाऊन विचारलं, "चेक क्लिअर झाला का?" उत्तर मिळालं, "फंड्स अव्हेलेबल आहेत, वापरा." इथेच कान टवकारायला हवे होते! मी विचारलं एक, उत्तर मिळालं दुसऱ्याच प्रश्नाचं. पण भारतात चेक वटल्याशिवाय पैसे हाती लागत नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाहिलेल्या माणसाने यातून दुसरं काय समजायचं? त्याच संध्याकाळी २,६०० पाठवले.

पुढच्या आठवड्यात चेक बनावट म्हणून परत आला. खात्यातून ३,४५० वळते केले, वर चेक परतल्याचं शुल्क १२ आणि खात्यात पैसे कमी पडल्याचं, म्हणजे ओव्हरड्राफ्टचं, ३५. म्हणजे २,६४७ डॉलर गेले आणि सोफा घरातच.

कॅशियर्स चेक स्वतः काउंटरवर भरला तर पैसे सहसा पुढच्या कामाच्या दिवशी वापरायला द्यावे लागतात, हा अमेरिकेचा केंद्रीय नियम. पण ती जमा तात्पुरती असते. चेक परत आला की ती उलटवण्याचा हक्क बँकेला राज्याचा कायदा देतो: युनिफॉर्म कमर्शियल कोडचं चौथं प्रकरण, कलम ४-२१४. न्यू जर्सीत ते १२ए या शीर्षकाखाली आहे. तुम्ही पैसे खर्च केलेत, एवढ्याने तो हक्क जात नाही. हे काउंटरवर एका वाक्यात सांगता येत नव्हतं?

चेकवर बँक टेक्सासमधल्या ह्यूस्टनची आणि राऊटिंग क्रमांक (चेकवरचा बँक ओळखण्याचा क्रमांक) ०९ ने सुरू होणारा. ०९ म्हणजे फेडचा, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, मिनियापोलिस विभाग; टेक्सासचा ११. हे मला नंतर कळलं. पण चेक हाताळणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांनाही दिसू नये?

बँक म्हणाली पोलिसांकडे जा. पोलिसांनी रिपोर्टचा नंबर दिला आणि म्हणाले, बँकेशी बोला. केंद्रीय नियामकाकडे तक्रार केली, तर खासगी वादात पडता येत नाही असं छापील पत्र आलं. पैसे ज्या खात्यात गेले ते कोणाचं, हे सांगायला कोणीही तयार नाही, आणि ओव्हरड्राफ्टचे ३५ मात्र तत्परतेने कापले!

किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक आला तर तो भरूच नका. चेक ज्या बँकेचा, तिला फोन करा, पण चेकवर छापलेल्या नंबरवर नाही. नंबर स्वतः शोधा. काउंटरवर विचारा, "ही रक्कम परत जाऊ शकते का?" आणि उत्तर ईमेलवर मागा. चेक परतल्याची नोटीस आली तर तिची तारीख जपून ठेवा. बँकेने कळवायला उशीर केला असेल, तर त्या उशिरामुळे झालेलं नुकसान वर सांगितलेल्या कलम ४-२१४ खालीच मागता येतं. माझ्या नोटिशीवरची तारीख आणि पोस्टाचा शिक्का जुळत नाहीत. त्याबद्दल बँकेला लेखी विचारलंय, अजून उत्तर नाही.